वेलांटी आधी, की अक्षर?

गेल्या सप्टेंबरात पतसंस्थांच्या अहवालांची गर्दी टिपेला पोचलेली असताना माझ्या स्क्रीनवर एक पाटी यायला लागली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, पुढचं बघा, अशा अर्थाची. मी ती 'नंतर' म्हणून घालवायची. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना 'उद्या या' म्हणावं आणि ती खरंच उद्या यावीत, तशी ती परत हजर.

तारीख ठरवणाऱ्यांना सांगलीतल्या डीटीपीवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्या आमच्यासारख्यांचं, काही देणंघेणं नसणार, हे मान्य. पण सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्याआधी छापील अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा, तो गठ्ठा बाहेर पडतोय तोवर दिवाळी अंकांची शेवटची पानं, आणि १४ ऑक्टोबरनंतर तिसऱ्या दिवशी वसुबारस. या दिवसांत टेबलावरचा चहाचा कपसुद्धा मी जागचा हलवत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली हलवते!

माझं मशीन २०१६ सालचं. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा दुकानातून सगळ्यात आधी काय काढलं असेल तर हा सीपीयू. मॉनिटर गेला, लेझर प्रिंटर गेला, कागदाची रिमं फुगून मळलेल्या कणकेसारखी झाली. सीपीयू मात्र आमच्या ह्यांनी डोक्यावर धरून शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर नेला आणि त्यांच्या देवघराशेजारी ठेवला. पुढे लॉकडाउनमध्ये त्यात एसएसडी टाकली, तेव्हापासून तर तो नव्यासारखा पळतो. मशीन म्हातारं झालं, आता बदला, अशी वेळ आलेलीच नव्हती.

अहवाल संपल्यावर एका संध्याकाळी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. तो आमच्याकडे दहा-बारा वर्षं येतोय. त्याने तपासणीचा प्रोग्रॅम चालवला आणि मान हलवली.

"काकू, बाकी सगळं बसतंय. टीपीएम हाय, सिक्युअर बूट हाय, रॅम हाय. प्रोसेसर न्हाई बसत."

"का? पळतोय की चांगला."

"पळतोय ओ. यादीत नाव न्हाई त्याचं."

मतदार यादीत नाव नसलेला माणूस केंद्रावर जिवंत उभा असतो, शाईसाठी बोटसुद्धा पुढे करतो. तसं माझं मशीन झालं. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि त्याच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. माझा सहाव्यातला. एका विषयात नापास, म्हणून वर्ग वर चढवणार नाही.

त्यामागचं कारण मी समजून घेतलं आणि ते मला पटण्यासारखं वाटलं. टीपीएम म्हणजे मशीनमध्ये बसवलेली एक छोटी चिप, किंवा प्रोसेसरच्या पोटातच केलेला तिच्यासारखा कप्पा. कुलपांच्या किल्ल्या हार्ड डिस्कवर उघड्या न ठेवता तिच्यात ठेवायच्या. म्हणजे डिस्क चोरून दुसऱ्या मशीनला जोडली तरी मजकूर उघडत नाही. नव्या प्रोसेसरांमध्ये अशा राखणीच्या सोयी जास्त असतात आणि त्या वेग फार न खाता चालतात. ठीक आहे. घराला सेफ्टी डोअर लावणाऱ्याला आपण वेड्यात काढत नाही.

आणि किल्लीची चिप आमच्या धंद्याला नवी नाही. मी १९९७ मध्ये या कामाला लागले तेव्हा मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर एक अंगठ्याएवढा डोंगल यायचा. प्रिंटरची वायर जिथे खोचतात त्या मागच्या पोर्टमध्ये तो आधी खोचायचा आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची वायर. डोंगल नसेल तर फॉन्ट दिसायचे, पण टाइप व्हायचं नाही. दुकान बंद करताना पैशांच्या गल्ल्याआधी मी डोंगल काढून पर्समध्ये टाकायची. २०११ साली विंडोज ७ चं मशीन घेतलं तर त्याच्या पाठीला तो पोर्टच नव्हता! मग पॅकेजवाल्यांना फोन, जुना डोंगल कुरियरने परत, वर पैसे, आणि यूएसबीचा डोंगल येईपर्यंत आठवडाभर मी दुकानात नुसती पत्रिकांचे नमुने लावत बसलेली. त्याच बदलात एक धडधाकट स्कॅनरही माळ्यावर गेला. त्याचा ड्रायव्हर नव्यासाठी कुणी केलाच नव्हता.

म्हणून 'अपग्रेड' म्हटलं की लोकांना जे नवं मिळणार ते दिसतं, मला माळा दिसतो. विंडोज ९८ वरून एक्सपीवर आले तेव्हा काय गेलं, एक्सपीवरून ७ वर आले तेव्हा काय, अशी यादी डोक्यात सुरू होते. आमच्या पेठेतल्या बऱ्याच टेबलांवर एक्सपी २०१६ पर्यंत चालू होतं. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, हे तेव्हा आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. मला नव्हतं.

पण यावेळी माळ्यावर काय जाणार, हा प्रश्न स्कॅनरपेक्षा मोठा होता. तो जरा उलगडून सांगावा लागेल, कारण डीटीपीबाहेरच्या माणसाला तो चटकन कळत नाही.

माझ्या डिस्कवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मराठी मजकूर आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पुण्यस्मरणाच्या जाहिराती, दोन बंद पडलेल्या दिवाळी अंकांची सगळी पानं. यातला निम्म्याहून अधिक मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच. त्या काळी मराठी अक्षरांना जगभर चालेल असा एक क्रमांक, म्हणजे युनिकोड, आमच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता. मग फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागेवर अर्धा त, एका जागेवर काना, एकीवर वेलांटी, एकीवर रफार. आपण ते तुकडे शेजारी शेजारी मांडायचे, खिळे जुळवल्यासारखे. डोळ्यांना 'सांगली' दिसतं, मशीनला टोप्या-शेपट्या लावलेली रोमन अक्षरं दिसतात. फॉन्ट काढून घेतला की मागे उरतं ते मुंग्या लागल्यासारखं. त्यात प्रत्येक पॅकेजची मांडणी निराळी. पुण्याच्या सी-डॅकच्या 'सुरेख', 'योगेश'मध्ये केलेला मजकूर श्रीलिपीत नुसता उचलून टाकला तर तो वाचता येत नसे. त्यासाठी बदलून देणारे वेगळे प्रोग्रॅम ठेवावे लागायचे.

वर हा मजकूर बसलाय पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये. त्याची शेवटची आवृत्ती, ७, ही २००१ साली आली. तिला युनिकोड कळत नाही, आणि आता कुणी ते शिकवणारही नाही. एक जुना प्रोग्रॅम, त्याच्या आत जुना फॉन्ट, त्याच्या शेपटाला डोंगल, आणि हे तिन्ही ज्या मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात ते मशीन यादीबाहेर. पत्त्यांच्या बंगल्यातलं खालचं पान काढायचं की नाही, असा तो विचार होता.

युनिकोड मला माहीत नव्हतं असं नाही. एक्सपीमध्येच ते आलं होतं. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषांच्या खिडकीत एका चौकोनावर टिक करायची, मग मशीन सीडी मागायचं, सीडी शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडे असायची. एवढं करून 'मंगल' फॉन्ट दिसायचा. र. कृ. जोशींनी केलेला तो फॉन्ट पडद्यावर वाचायला स्वच्छ. पण आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, त्यांनी पहिला प्रूफ हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बाई, हा ल कुठला आणलात? हा आपला नव्हे." त्यांना पाकळीचा ल हवा होता आणि देठाचा श. पुढे २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून हेच रूप मराठीचं म्हणून सांगितलं, तेव्हा गुरुजी हयात नव्हते. मी मात्र त्या एका प्रूफवरून युनिकोडला जे 'ईमेलपुरतं बरं' असं बाजूला टाकलं, ते बरीच वर्षं टाकलं. आता चांगले मराठी वळणाचे युनिकोड फॉन्ट हवे तेवढे मिळतात. माझं कारण कधीच संपलं होतं, सवय उरली होती.

असो. तर ऑक्टोबरात माझ्यासमोर काय काय मार्ग होते?

सोपा मार्ग, काहीच न करणं. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, दुसऱ्या दिवशी ते तसंच चालू होतं. फक्त भिंतीला नवं भगदाड सापडलं की बुजवायला गवंडी येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा जो खंडणीखोर प्रकार जगभर पसरला, इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांची कामं ज्याने अडकवली, त्याचं भगदाड बुजवणारा अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये निघाला होता. ज्यांनी तो घातला नाही ते सापडले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा अपवाद म्हणून तो अपडेट दिला. दरवेळी असा अपवाद होईल या भरवशावर गिऱ्हाइकांचे कागद ठेवायचे नाहीत, एवढं मला कळतं.

लोक म्हणतात, मग नेटची वायर काढून ठेवा. म्हणणाऱ्यांनी कधी डीटीपीचं दुकान चालवलेलं नाही. आमच्याकडे रोगराई नेटवरून कमी आणि पेनड्राइव्हमधून जास्त येते. शाळेचा शिपाई, पतसंस्थेचा क्लार्क, वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आलेला कार्यकर्ता, प्रत्येकाच्या खिशात एक पेनड्राइव्ह आणि प्रत्येकात तो शॉर्टकटवाला व्हायरस. फोल्डर गायब, त्यांच्या जागी बाण काढलेले डमी फोल्डर. मी पेनड्राइव्ह घ्यायच्या आधी माणसाचा चेहरा बघते, त्याचा काही उपयोग नसतो.

दुरुस्तीवाल्या पोराने वाकडी वाटही दाखवली. तपासणीला चकवून ११ बसवता येतं. "चालतंय, लई जणांनी केलंय." चालत असेलही. पण पुढचा एखादा अपडेट त्याला नाकारणार नाही याची हमी तोही देईना. ऐन लग्नसराईत बारशाच्या दिवशी बाळंतिणीने माहेरी निघून जावं असा प्रकार नको म्हणून ते सोडलं.

मग पुण्याहून भाचा आला भाऊबीजेला. तो लिनक्सवाला, म्हणजे विंडोजऐवजी दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा. "आत्या, फुकट आहे, हलकं आहे, तुझं मशीन अजून पाच वर्षं काढेल." फराळाची ताटं बाजूला सारून त्याने पेनड्राइव्हवरूनच लिनक्सचं मिंट चालू करून दाखवलं, काही न पुसता. खरं सांगते, मला ते आवडलं. देवनागरी सुरेख दिसत होती, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच होता. मी आमच्या डिझाइनच्या प्रोग्रॅमचं विचारलं, "यात कोरल चालतं का?" तो म्हणाला, त्याच्यासारखं दुसरं आहे. मी म्हटलं, बाळा, प्लेटवाला माझ्याकडे कोरलची फाइल मागतो, कोरलसारख्याची नाही. त्याने चकली तोंडात टाकली. शाळा, ग्रंथालय, घरचं लिहिणं-वाचणं यासाठी मी कुणालाही ते बसवा असंच सांगेन. माझ्या साखळीत मात्र प्रेसवाला आहे, प्लेटवाला आहे, फ्लेक्सवाला आहे, आणि मी एकटीने भाषा बदलून भागत नाही.

शेवटी मी तेच केलं जे आमच्या सगळ्या पतसंस्था करतात, मुदतवाढ घेतली. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय आहे. पैसे भरून मिळतात, किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून आपली सेटिंग त्यांच्याकडे साठवायला दिली तर पैसे न देताही. मी खातं उघडलं. पासवर्ड काय ठेवावा यावर आमच्यात झालेली चर्चा इथे देत नाही.

मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे, हे कर्ज नव्याजुनं केलेल्या कुणालाही विचारा. पण तिने एक केलं, मला हंगामाबाहेर विचार करायला वेळ दिला. तुळशीची लग्नं झाली, गर्दी ओसरली, आणि मी रोज दुपारी दोन ते तीन जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला बसू लागले. जानेवारीत ११ असलेलं नवं मशीनही घेतलं. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खालची पट्टी मधोमध आलीय, ती पहिल्याच दिवशी डावीकडे नेली. 'मंगल' आता आपणहून हजर नसतो, भाषेच्या सेटिंगमधून उतरवून घ्यावा लागतो. बाकी झकास चालतं.

जुनं मशीन शेजारच्या टेबलावर आहे, नेटची वायर काढलेलं, डोंगल खोचलेलं, आणि त्याच्या यूएसबीच्या भोकांवर मी चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'हात लावू नये'.

जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात आणि ते नव्वद टक्के काम बरोबर करतात, असं म्हणायची पद्धत आहे. उरलेले दहा टक्के माझ्याकडे या. जुन्या पद्धतीत रफार अक्षराच्या डोक्यावर नंतर ठेवायचा, कारण टाइपरायटरवर तो तसाच ठेवायचा. युनिकोडमध्ये र आधी येतो, कारण बोलताना तो आधी येतो. बदलताना हा रफार गोंधळतो आणि भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो किंवा कुठेच बसत नाही. 'कार्यकारी मंडळ'चं 'कायर्कारी मंडळ' होतं, 'सर्व'चं 'सवर्'. इंटरनेटवर असे 'कायर्' दिसले की कुठल्या तरी दुकानात कुणीतरी घाईत बदललेला जुना मजकूर आहे हे मी लांबून ओळखते. 'वऱ्हाडी'तला र तर हमखास मोडतो. म्हणजे मशीन बदलतं एका दिवसात, आणि मजकूर मी ओळ न् ओळ वाचत पुढे नेते. वाचता वाचता रेंगाळते ते वेगळंच. २००२ च्या एका स्मरणिकेत आता मोठ्या पदावर असलेल्या एका गृहस्थांची, तेव्हाच्या होतकरू कवीची, पावसावरची कविता आहे. मी ती सांभाळून ठेवणार आहे.

फेब्रुवारीत एक जोडपं आलं. मिरजेचं. बाईंच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पत्रिका, गुलाबी, कडा पिवळ्या पडलेल्या. "१९९९ मध्ये तुमच्याकडेच केली होती. आता लेकीचं ठरलंय. हाच मजकूर हवा, ह्यांच्या वडलांनी स्वतः लिहिलेला." मी नवीन मशीनवरून उठून जुन्यापाशी गेले. फाइल सापडायला दहा मिनिटं लागली. तेव्हा नावं आठ अक्षरांत बसवायची सवय होती, त्यामुळे प्रत्येक पत्रिकेचं नाव लग्नाची तारीख. पेजमेकर उघडलं, फॉन्ट हजर होता, आणि पडद्यावर ती पत्रिका जशीच्या तशी आली, गणपतीसकट. बाईंनी स्क्रीनला हात लावला. मी एरवी लावू देत नाही.

मग आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो आणि मजकूर खालून वर वाचत गेलो. निमंत्रकांतल्या सात नावांपैकी पाचांमागे आता 'कै.' लावायचं होतं. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिमुकली आता वधूची चुलत ताई. मामांचं नाव वर घ्यायचं की आजोबांचं, यावर नवरा-बायकोत थोडी कुरबुर झाली. मुलगा-मुलगी दोघांच्या डिग्र्या घालायच्या होत्या, १९९९ ला फक्त मुलाची होती. 'आहेर आणू नये' ही ओळ तेव्हा नव्हती, आता हवी. "हाच मजकूर" म्हणत आलेल्या माणसांनी अर्ध्या तासात पंधरा बदल सांगितले. आजोबांच्या हातची वरची चार ओळींची प्रार्थना तेवढी राहिली.

हे सगळं बदलण्यापेक्षा नवं टाइप केलेलं बरं म्हणून मी नव्या मशीनवर येऊन बसले. तिथे मी इनस्क्रिप्ट लावलाय. टाइपरायटरच्या पद्धतीचाही, म्हणजे वेलांटी अक्षराआधी मारायचा, मिळतो, भाच्याने शोधून दिला होता, पण एकदा बदलायचंच आहे तर पुरतं बदलू म्हणून हट्टाने हा शिकतेय. जोडपं पाठीमागे उभं. मी आजोबांची प्रार्थना हळूहळू उतरवली, ती बरी जमली. मग वधूची ओळ. पहिलंच अक्षर 'चि'.

मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली बोटं आहेत ही. त्यांनी वेलांटी आधी मारली. पडद्यावर एक ठिपक्या-ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटलं आणि त्याच्या डोक्यावर ती वेलांटी, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "सवयीचं आहे." ते वर्तुळ पुसलं आणि आधी च शोधला.